नौकेच्या पोटातील तारा : विद्युत रेडिओ-नियंत्रित शर्यती नौकांच्या वायरिंगचा इतिहास आणि नागपूरचा संदर्भ

प्रस्तावना :

नागपूर हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर वसलेले शहर आहे. तरीही नौकेचे शिक्षण या शहराला परके नाही. राष्ट्रीय छात्रसेनेची स्थापना १९४८ मध्ये झाली व १९५२ मध्ये तिला नौदल विभागाची जोड मिळाली. या विभागाचे पथक नागपुरातही असून अंबाझरी तलाव हे त्याच्या प्रशिक्षणाचे क्षेत्र राहिले आहे. नौदल विभागाच्या अभ्यासक्रमात नौका-प्रतिकृती तयार करणे हा एक विषय आहे आणि अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धाही होते. स्थिर व शिडाच्या प्रतिकृतींबरोबरच यंत्रचलित प्रतिकृतीही त्यात असतात. शर्यती नौकांचा छंद आणि हे शिक्षण एकच नव्हे. तथापि लहान नौकेच्या पोटात मोटर, बॅटरी व तारा बसविण्याचे कौशल्य महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ज्या मोजक्या ठिकाणी शिकता येते, त्यांपैकी हे एक आहे.

अशी प्रतिकृती तयार करणाऱ्याचे निम्मे काम झाकणाखाली राहते. नौकेचा आकार, रंग व वेग सर्वांना दिसतो; तारांची मांडणी कोणी पाहत नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनातही बहुधा हेच घडते. शोध आणि विक्रम यांची नोंद होते, जोडणीची होत नाही. तारांची नीटनेटकी मांडणी ही केवळ टापटिपीची बाब नसून प्रत्येक टप्प्यावर आलेल्या अपयशाला कारागिरांनी दिलेले ते उत्तर आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभ : टेस्लाची नौका

या परंपरेचा आरंभ निश्चितपणे सांगता येतो. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत प्रदर्शनात बिनतारी संदेशाने चालणारी लहान नौका सादर केली. तिच्या पेटंटसाठी १ जुलै १८९८ रोजी अर्ज करण्यात आला आणि ८ नोव्हेंबर १८९८ रोजी ६१३८०९ क्रमांकाचे अमेरिकन पेटंट मिळाले. बिनतारी लहरींचे प्रयोग त्या काळी भारतातही सुरू होते. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरींच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून दाखविली होती.

इतिहासाचे साधन म्हणून टेस्ला यांच्या पेटंटमधील आकृत्यांना विशेष महत्त्व आहे. नौकेच्या पोटात काय कोठे ठेवले, हे त्यांत स्पष्ट दिसते. विद्युत घटमाला, पंखा फिरविणारी एक मोटर, सुकाणू वळविणारी दुसरी मोटर, संदेश ग्रहण करणारे धातुकणांचे पात्र म्हणजे कोहीरर आणि रिले यांचा त्यात समावेश होता. संदेशाच्या क्षीण प्रवाहाने मोटर फिरणे शक्य नव्हते. म्हणून तो प्रवाह केवळ रिले चालवीत असे आणि रिले घटमालेचा मोठा प्रवाह सोडीत असे. ‘संदेश वेगळा आणि शक्ती वेगळी’ हे या नौकांच्या वायरिंगचे पहिले सूत्र येथेच सिद्ध झाले.

दुसरी अडचण ठिणगीची होती. रिलेच्या संपर्कबिंदूंवर उडणारी ठिणगी स्वतःच एक लहानसे प्रक्षेपक असते आणि शेजारचा कोहीरर तिलाच संदेश समजण्याची शक्यता असते. मार्कोनी यांना १८९६ च्या सुमारास आपल्या ग्राहक यंत्रात संपर्कबिंदूंना समांतर रोध जोडावे लागले, ते याच कारणाने. यंत्राला बाहेरच्या शत्रूइतकाच आतल्या गोंगाटाचाही उपद्रव होतो, हा धडा पुढील शतकभर पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

गोंगाटाचे युग

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रान्झिस्टरमुळे ग्राहक यंत्रे लहान व हलकी झाली. नौका-प्रतिकृतींच्या क्रीडाप्रकारासाठी १९५९ मध्ये ‘नाव्हिगा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. निकेल-कॅडमियम घट, सर्व्हो आणि ब्रश असलेल्या मोटरी यांवर विद्युत नौकांच्या शर्यती दीर्घकाळ चालल्या. या मोटरीतील ब्रश आणि कम्युटेटर यांच्यामध्ये सतत ठिणग्या पडत. टेस्लाकालीन रिलेची समस्या आता मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या मोटरीत शिरली होती.

यावरील उपाय तीन प्रकारचे होते. पहिला म्हणजे मोटरीच्या दोन टोकांमध्ये आणि प्रत्येक टोक व कवच यांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचे लहान धारित्र डाख देऊन बसविणे. दुसरा म्हणजे रिसीव्हरला पाणी न शिरणाऱ्या स्वतंत्र डबीत, मोटरीपासून शक्य तितक्या दूर ठेवणे. तिसरा म्हणजे सर्व्होच्या बारीक तारा आणि बॅटरीच्या जाड तारा समांतर न नेणे. त्यांना एकमेकींना ओलांडावेच लागले, तर काटकोनात ओलांडणे. २७ मेगाहर्ट्झवर लहरींची लांबी सुमारे ११ मीटर असते. तिचा चतुर्थांश धरला तरी अँटेना पावणेतीन मीटरची व्हावी. लहान नौकेत ते अशक्य असल्याने आखूड अँटेनेवर भागवावे लागे आणि ग्रहणशक्ती आधीच दुबळी असे. अशा स्थितीत तारांची बेशिस्त म्हणजे भर शर्यतीत सुकाणू हातातून जाणे होय.

भारतात या छंदाला कायद्याचीही चौकट होती. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार बिनतारी यंत्र बाळगण्यासाठी परवाना लागत असे. २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देण्यात आली. त्याच सुमारास या पट्ट्यावरील प्रक्षेपक छंदाच्या बाजारात आले. आता क्रिस्टल जुळविण्याची व एका वारंवारितेवर दोन नौका येऊ न देण्याची दक्षता अनावश्यक झाली. चतुर्थांश लहरीची अँटेना सुमारे ३१ मिलिमीटरवर आली. मात्र ही वारंवारिता पाण्यात वेगाने शोषली जाते. त्यामुळे अँटेनेचे टोक पाण्याच्या पातळीच्या वर, उभ्या नळीत ठेवणे हा नवा नियम झाला.

शक्तीचे युग

ब्रशविरहित मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी यांच्या प्रसाराने समस्येचे स्वरूप पालटले. ब्रशची ठिणगी गेली. परंतु प्रवाह कित्येक पटींनी वाढला. एक साधे गणित पाहता येईल. तारा व जोड यांचा एकूण रोध केवळ ५ मिलिओहम असला आणि प्रवाह १०० अँपिअर असला, तर अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि ५० वॅट शक्तीची उष्णता होते. बंद नौकेत ही उष्णता जाण्यास वाट नसते. डाख कच्चा राहिला तर प्रथम तोच तापतो.

दुसरी बाब तारेच्या लांबीची आहे. वेगनियंत्रक बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडतो व तोडतो. बॅटरीकडील तारा लांब असल्यास त्यांच्या प्रेरकत्वामुळे दाबात चढउतार होतात आणि वेगनियंत्रकाच्या मुखाशी असलेली धारित्रे तापून निकामी होतात. म्हणून बॅटरीकडील तारा आखूड ठेवाव्यात व लांबी वाढवणे भागच असेल, तर ती शक्यतो मोटरीच्या बाजूने वाढवावी, असा संकेत रूढ झाला. मोटरीकडील तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की पंख्याची दिशा उलटते. त्यामुळे तारांना रंग देणे ही शोभा न राहता आवश्यकता ठरली.

याखेरीज मोटर व वेगनियंत्रक थंड ठेवण्यासाठी धावत्या नौकेच्या तळाशी येणारेच पाणी नळ्यांतून आत फिरविले जाते. पाण्याची नळी आणि विजेची तार एकाच पोटात नांदवायची असल्याने नळ्या खाली व तारा वर, फिरत्या दंडापासून दोन्ही दूर आणि प्रत्येक तार बांधलेली, अशी शिस्त निर्माण झाली. बॅटऱ्यांचे वजन मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे विभागल्याविना नौका वळणावर कलंडते. परिणामी तारांचा मार्ग नौकेच्या समतोलानेच ठरतो.

नागपूरचा संदर्भ

नागपूरच्या परिस्थितीत या शिस्तीला आणखी एक परिमाण लाभते. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उन्हात ठेवलेल्या बंद नौकेच्या आतील तापमान त्याहूनही अधिक असते. चिकटपट्टीने धरलेली तार अशा वेळी सुटते आणि सुटलेली तार फिरत्या दंडाकडे जाते. लिथियम बॅटरीला अतिउष्णता व आघात दोन्ही घातक असून तिच्या आगीवर नियंत्रण मिळविणे कठीण असते. म्हणून तारा यांत्रिक बंधाने धरणे, बॅटरी चटकन काढता येईल अशी ठेवणे आणि तिचे प्रभारण देखरेखीखाली करणे, या गोष्टी विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेशी थेट निगडित आहेत.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाचाही प्रश्न उपस्थित होतो. टेस्ला यांच्या नौकेचे अंतरंग आज कळते, कारण पेटंटच्या निमित्ताने ते कागदावर उतरले. विद्यार्थ्यांच्या प्रतिकृतींना असे निमित्त मिळत नाही. मोटर, सर्व्हो व रिसीव्हर महाग असल्याने एका नौकेतून काढून दुसरीत बसविले जातात आणि त्याबरोबर जुनी मांडणी पुसली जाते. उरते ते रिकामे कवच. त्यावरून नौकेची लांबी सांगता येईल. ती बांधणाऱ्याला काय समजले होते, हे सांगता येणार नाही.

निष्कर्ष :

१. रेडिओ-नियंत्रित नौकांच्या वायरिंगचा इतिहास हा संदेश आणि शक्ती यांना एकाच पोटात परस्परांपासून जपण्याचा इतिहास आहे.

२. तंत्र बदलले की धोक्याची जागा बदलते. रिलेची ठिणगी, ब्रशचा गोंगाट व बॅटरीची उष्णता या क्रमाने वायरिंगचे नियमही बदलत गेले.

३. प्रतिकृतीच्या मूल्यमापनात बाह्य रूपासोबत अंतर्गत मांडणीलाही स्वतंत्र गुण असावेत. झाकण उघडून पाहणारा परीक्षक विद्यार्थ्याला वेगळीच शिस्त शिकवितो.

४. नौका मोडण्यापूर्वी तिच्या वायरिंगची एक आकृती व एक छायाचित्र, तारीख घालून, महाविद्यालयाच्या संग्रही ठेवावे. यासाठी फारसा खर्च येत नाही. अंबाझरीच्या पाण्यावर जे शिकले गेले त्याचा लिखित पुरावा पुढील पिढीच्या हाती लागेल तो एवढ्या एका कागदानेच.