कोंडाणे येथील शिलालेख : तात्पर्यनिर्णयाचा एक प्रश्न

संहितेत अनेक गोष्टी आलेल्या असताना तिचे मुख्य प्रतिपाद्य कोणते, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. मीमांसकांनी तात्पर्यनिर्णयासाठी उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही लिंगे मानली. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी गीतेचे तात्पर्य ठरविताना त्यांचाच आधार घेतला. विस्तृत ग्रंथाच्या बाबतीत ही पद्धती उपयुक्त ठरते. परंतु जेथे संपूर्ण संहिताच चार शब्दांची आहे, तेथे ना उपसंहार ना अभ्यास.

कर्जत तालुक्यात, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यांतील ब्राह्मी लेख असा आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारी ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’ असे कोरलेले आहे : कण्हाचा अंतेवासी बलक याने केले.

इतिहासाभ्यासकाची दृष्टी साहजिकच ‘कण्ह’ या नावावर स्थिरावते. नाशिकच्या १९ क्रमांकाच्या लेण्यातील लेखात सातवाहनकुळातील कण्ह राजा येतो. त्यामुळे नामसादृश्यावरून कालनिर्णय करण्याचा मोह होतो. पण येथे कण्ह षष्ठीत आहे, तो केवळ बलकाची ओळख पटवितो. शिवाय अंतेवासी असतो तो गुरूचा, राजाचा नव्हे. वाक्याचा कर्ता तृतीयेतील बलक होय. वाचकाची गरज आणि वाक्याचे प्रतिपाद्य यांत अशी गल्लत सहज होते.

निर्णायक आहे ते ‘कतं’ हे पद. पश्चिम भारतातील बहुसंख्य लेणीलेख ‘दान’ वा ‘देयधम’ नोंदवितात. नाशिकच्या उपर्युक्त लेखातही महामात्राने लेणे ‘कारित’, म्हणजे करविलेले आहे. कोंडाण्यात दानाचा उच्चार नाही, प्रयोजक रूपही नाही. कन्नडजवळील पितळखोरे येथील यक्षमूर्तीवर कण्हदास या सुवर्णकाराने ती ‘केली’ असे म्हटले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी रूपकर्म केल्याची नोंद आहे. कोंडाण्याचा लेख याच मोजक्या लेखांच्या पंक्तीत बसतो. सांचीच्या लेखात कर्माचा शब्द आहे. येथे तो गाळलेला आहे, कारण ते कर्म शेजारच्या पाषाणातच उभे आहे. लेखाचा ठसा घेऊन तो अन्यत्र वाचला, तर वाक्य अपुरे राहते.

‘कतं’ हे पद सैल अर्थाने ‘करविले’ असेही घेता येईल, आणि अंतेवासी हा भिक्षू असू शकेल, हा आक्षेप नाकारता येत नाही. तथापि त्या अर्थानेही दान आणि पुण्य यांविषयीचे मौन कायम राहते. सहा लिंगांपैकी अपूर्वता येथे उपयोगी पडते, ती यामुळेच. प्रकाराच्या रूढ साच्यात जे बसत नाही, तेथे तात्पर्य शोधावयाचे. दात्यांच्या नावांनी भरलेल्या लेणीलेखांत हा लेख कर्त्याचे नाव आणि त्याची गुरुपरंपरा जतन करतो. त्यास राजवंशाच्या कालानुक्रमाचे साधन एवढेच मानले, तर बलक दुसऱ्यांदा पुसला जातो.