चरबीचें काडतूस आणि बटाट्याचे काप

मालवणच्या किनाऱ्यावर सोमवार आला कीं, पुष्कळ मत्स्याहारी घरांतहि माशाचें कालवण शिजत नाहीं. त्या दिवसाच्या जेवणास तिकडे 'शिवराक' म्हणतात. ज्या घरीं मंगळवारीं बांगड्याचें तिखलें आवडीनें खाल्लें जातें, त्याच घरीं आदल्या दिवशीं माशाची पळी वरणाच्या भांड्यास लागलेली चालत नाहीं. परक्यास यांत विसंगति दिसेल. आम्हांस दिसत नाहीं. व्रत ज्याचें त्यानें पाळावयाचें असतें. परंतु तें पाळतां येणें हें मात्र रांधणाराच्या व वाढणाराच्या शब्दावर अवलंबून असतें. हा शब्द विश्वासास अपात्र ठरला म्हणजे काय घडतें, याचीं दोन उदाहरणें इतिहासांत आहेत.

पहिलें सर्वांस ठाऊक आहे. १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळ डमडम येथें अशी वार्ता पसरली कीं, नव्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांस गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे. हें काडतूस दातांनीं तोडावें लागे. शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावावें, अशी मुभा सरकारनें लौकरच दिली. परंतु तोंवर विश्वास उडाला होता, आणि आतां काडतुसाच्या चकचकीत कागदाचाहि संशय येऊं लागला. १० मे रोजीं मेरठ येथें उठाव झाला. कोंकणांतील वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमींत उत्तरेकडे सांपडले होते; त्यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथांतहि काडतुसांची हकीकत आली आहे. उठावाचें कारण केवळ चरबी होतें, असें कोणीहि विचारी मनुष्य म्हणणार नाहीं; संस्थानें खालसा करण्याचें धोरण वगैरे कारणें मोठीं होतीं. परंतु राज्यकर्ते न सांगतां आपणांस बाटवितील, ही भीति चरबीनें घरोघरीं पोंचविली.

दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. मॅक्डोनल्ड्स ही अमेरिकन कंपनी आपले बटाट्याचे काप पूर्वीं मुख्यतः गाईबैलांच्या चरबींत तळीत असे. १९९० मध्यें तिनें अमेरिकेंत केवळ वनस्पतिजन्य तेल वापरण्याचें जाहीर केलें. तेथें स्थायिक झालेल्या अनेक हिंदु व जैन गृहस्थांनीं हे काप निःशंक मनानें खाल्ले. परंतु त्यांस गोमांसापासून काढलेला स्वाद लावला जात होता, आणि 'नैसर्गिक स्वाद' या शब्दांत तो झांकला गेला होता. मे २००१ मध्यें सिॲटल येथें दावा दाखल झाला. त्याच महिन्यांत ठाण्यांतील त्या कंपनीच्या उपाहारगृहाची मोडतोड करण्यांत आली. भारतांत असा स्वाद वापरला जात नाहीं, असें कंपनीचें म्हणणें होतें, आणि तें खोटें ठरलें नाहीं. दोष एका देशांत घडला, शिक्षा दुसऱ्या देशांत झाली! २००२ मध्यें कंपनीनें क्षमा मागून एक कोटि डॉलर देण्याचें मान्य केलें. ठाण्यांतील दांडगाई आम्हांस निंद्य वाटते. परंतु अर्धवट सांगितलेल्या सत्यावर अफवा कशी पोसते, हेंहि तींत दिसून येतें.

आपल्या सरकारनें २००० मध्यें बंद पुड्यांवर मांसाहाराची तपकिरी व २००१ मध्यें शाकाहाराची हिरवी खूण आवश्यक केली. तरीहि अडचण संपली नाहीं. पुड्यांवर पुष्कळदां द्रव्याचें नांव नसून नुसता आंकडा असतो. ६३१ या आंकड्याचें द्रव्य पिष्टापासून करतां येतें, तसेंच मांसापासून वा मासळीपासूनहि. त्याची चव प्रथम १९१३ मध्यें जपानांत सुक्या मासळींतच ओळखली गेली. डिसेंबर २०२१ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें असा आदेश दिला कीं, घटक वनस्पतिजन्य आहे कीं प्राणिजन्य, हें स्पष्ट लिहिलें पाहिजे. हें योग्यच झालें. मालवणांत कोणी सुका बांगडा भाजला तर शेजाऱ्यासहि कळतें. आंकड्यास वास नसतो.

मांस खावें कीं न खावें, हा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. अन्नाची परीक्षा पूर्वीं डोळ्यांनीं व नाकानें होत असे. आतां ती केवळ छापील अक्षरांनीं होते. म्हणून तें अक्षर खरें असणें, हाच आजच्या काळीं अतिथिधर्म होय. सोमवारीं पाहुण्यास 'आज शिवराकच आहे हों' असें सांगणारी मालवणची गृहिणी हा धर्म कोणत्याहि कायद्यावांचून पाळीत आली आहे.