परीक्षेची धास्ती : तिचा इतिहास व तिच्यावरील उपचार

वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी पाडली, हे आपणांस ठाऊक आहेच. ह्याच रानड्यांचे नाव मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी. ए.च्या यादीतही आहे. विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली पहिली बी. ए.ची परीक्षा उतरले ते अवघे चौघेजण : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. तत्पूर्वी आपल्याकडे विद्वत्तेची कसोटी नव्हती असे नाही. शास्त्रार्थ होत, दक्षिणेसाठी परीक्षा होत. परंतु काही तासांत, परक्या भाषेत, अनोळखी परीक्षकासाठी लिहिलेल्या कागदांवर माणसाची पुढची उपजीविका ठरावी, हा प्रकार नवा होता. धास्तीही त्याच्याबरोबरच आली.

तिचे परिणाम त्या काळी शरीरातच शोधीत. पदवीधर अल्पवयात का मरतात, हा प्रश्न १८९४ साली रानड्यांनीच जाहीरपणे चर्चेस घेतला. टिळकांनी तर डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष व्यायामात घालवून शरीर कमावले आणि त्या वर्षीची परीक्षा जाऊ दिली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. उपाय उत्तम, पण वर्ष बुडविणे सर्वांना परवडणारे नव्हे!

आपल्या मराठवाड्याची कथा आणखी बिकट. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला उत्तरे उर्दूत जुळवावी लागत. संस्थान १९४८ साली मुक्त झाले, १९५८ साली औरंगाबादेस आणि १९९४ साली नांदेडास विद्यापीठ आले. परीक्षा गोरेगावच्या जवळ आली. तळहाताचा घाम मात्र तोच राहिला.

ह्या घामाचा शास्त्रीय विचार अमेरिकेत येल विद्यापीठातील जॉर्ज मँडलर व सेमूर सॅरासन ह्यांनी १९५२ साली मांडला. परीक्षेला भिणारे विद्यार्थी व न भिणारे विद्यार्थी प्रश्नावलीने वेगळे काढून त्यांनी त्यांच्या कामाची तुलना केली. पुढे १९६७ साली लीबर्ट व मॉरिस ह्यांनी धास्तीचे दोन पदर उलगडले. एक छातीची धडधड, पोटातला गोळा, कोरडा घसा. दुसरा डोक्यात चाललेली चिंता : ‘आता माझे कसे होणार?’ गुण खाते ती मुख्यतः ही चिंता. कारण मनाला एका वेळी थोडेच पेलते. त्यातली निम्मी जागा चिंतेने अडविली, तर पाठ असलेले उत्तरही बाहेर येत नाही. घरी घडाघडा म्हणणारा मुलगा परीक्षेत गप्प का बसतो, त्याचे उत्तर येथे आहे. त्याला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे, पण ते खरे नव्हे.

उपचारही ह्या दोन पदरांनुसारच निघाले. दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर जोसेफ वोल्पे ह्यांनी १९५८ साली आपली पद्धत ग्रंथरूपाने मांडली. आधी अंग पूर्ण सैल सोडावयास शिकावयाचे. मग भीतीच्या पायऱ्या मनात एकेक चढावयाच्या : परीक्षेला महिना उरला आहे, आदली रात्र आहे, केंद्राचे फाटक आले, प्रश्नपत्रिका हातात पडली. एका पायरीवर मन निवांत राहिले की मगच पुढची. घाई केली की सगळे मुसळ केरात.

दुसरी वाट न्यूयॉर्कच्या आल्बर्ट एलिस ह्यांची, १९५५ सालापासूनची. प्रसंग माणसाला घाबरवीत नाही, प्रसंगाविषयी तो स्वतःशी जे वाक्य बोलतो ते घाबरविते, असे त्यांचे म्हणणे. ‘पास व्हावे अशी माझी इच्छा आहे’ हे वाक्य अभ्यासाला बसविते. ‘पास झालेच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल’ हे वाक्य हातपाय गाळते. कॅनडात डोनाल्ड मायकेनबॉम ह्यांनी १९७२ साली भित्र्या विद्यार्थ्यांना अशी वाक्ये पकडून बदलावयास शिकविले व त्याचा गुण वोल्पे-पद्धतीहून सरस आढळला. एलिस ह्यांचे शास्त्र महाराष्ट्रात रुजविले मुंबईच्या कि. मो. फडके ह्यांनी. १९६८ पासून दशकानुदशके त्यांचा एलिस ह्यांच्याशी पत्रव्यवहार चालला होता. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली, तीही ह्याच विचाराच्या आधाराने.

१९८८ साली हेम्ब्री ह्यांनी ५६२ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. उपचाराने धास्ती उतरते आणि तिच्याबरोबर गुणही चढतात, असे त्यांत दिसले. नुसत्या अभ्यासाच्या युक्त्या शिकवून मात्र भीती हटत नाही. खेदाची गोष्ट ही की, मुलाच्या डोक्यातले ते घातक वाक्य पुष्कळदा आपणच घातलेले असते. ‘नापास झालास तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही,’ हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही?

मानसोपचारतज्ज्ञ गोरेगावात सहजी भेटेल असे नव्हे. परंतु २०२२ सालापासून भारत सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी-सेवा चालू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही, विनामूल्य व मराठीतून बोलता येते. निकालाच्या दिवसाची वाट न पाहता तो क्रमांक परीक्षेच्या दोन महिने आधी फिरवावा, कारण पायऱ्या चढावयाला तेवढे दिवस लागतात.