विड्याचा मान आणि तोंडाचे अस्तर

सावंतवाडीहून बांद्याकडे जाताना इन्सुली लागते. दक्षिण कोकणातील या पट्ट्यात माडांच्या सावलीत पोफळी उभ्या असतात, आणि सुपारीवाचून येथील कोणतेही शुभकार्य आरंभास लागत नाही. पूजेत गणपतीच्या ठायी सुपारी मांडतात, लग्न ठरले म्हणजे सुपारी फुटते, देवळात मानकऱ्यांस विडा मिळतो आणि दारी आलेल्या पाहुण्यापुढे पानाचे तबक येते. ज्या वस्तूस समाजाने एवढा मान दिला, तिच्याविषयी शास्त्राने कोणती साक्ष गोळा केली, हे पाहणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे.

सुश्रुताने मुखरोगांची संख्या 65 सांगितली असून ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू आणि कंठ अशी त्यांची स्थानेही पृथक् मांडली आहेत. आपल्या वैद्यांनी तांबुलाचे गुणही वर्णिले. मात्र त्यांच्या विड्यात तंबाखू नव्हती. ती पोर्तुगीजांच्या मागोमाग पुढे आली. तोंडाच्या अस्तरात काय घडते हे कळण्यास मात्र सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली आहेत हे श्वान याने 1839 मध्ये प्रतिपादिले, आणि रोगाचे मूळ पेशींत शोधावे हे विर्खोने 1858 मध्ये वैद्यकास शिकविले.

निरोगी गालाच्या आतील कातडीचा छेद घेतला, तर पेशींचे थर एकावर एक रचलेले दिसतात. आपल्या शेतकऱ्याच्या तरव्याची उपमा येथे चपखल बसते. बी रुजते ते तरव्यात. रोपे मग इतरत्र जातात. तसेच विभाजनाचे काम मुख्यत्वे तळच्या थराकडे असते. नव्या पेशी वर सरकतात, चपट्या होतात आणि अखेर गळून पडतात. सुमारे दोन आठवड्यांत हे अस्तर नवे होते. म्हणूनच चहाने भाजलेले तोंड इतक्या लवकर बरे होते. परंतु चुना, तंबाखू, सुपारी यांचा जाच रोजचा झाला, म्हणजे दुरुस्तीचे काम कधी संपतच नाही. विभाजन वाढते आणि चुका साचतात. मग वरच्या थरांतही पेशी विभागू लागतात, त्यांची केंद्रके मोठी व गडद होतात आणि थरांची शिस्त मोडते. तरवा सोडून भलतीकडेच रोपे उगवावीत, तसा हा प्रकार. डोळ्यांस तो कधी पांढऱ्या, कधी लाल चट्ट्याच्या रूपाने दिसतो. प्रत्येक चट्टा कर्करोगात परिणत होत नाही. परंतु तळचा पडदा ओलांडून पेशी खोल शिरल्या, म्हणजे बांध फुटला असे समजावे.

या रोगाचा कार्यकारणभाव जोडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. वेंगुर्ले तालुक्यातील खानोलीची आठवण देणारे त्यांचे आडनाव कोकणास परके नाही. मुंबईत ओळीने आलेल्या 1000 मुखकर्करोग्यांचा आढावा त्यांनी 1944 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे 1955 मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू खाणारे व ओढणारे यांची तुलना मांडली. खाणाऱ्यांस रोग विशेषेकरून तोंडात होतो आणि ओढणाऱ्यांस जिभेच्या मुळाशी व घशात, हे तीतून पुढे आले. जेथे तंबाखूचा स्पर्श, तेथे विकार! दैवावर घातलेला दोष सवयीकडे आला, तो अशा कष्टाळू टिपणांमुळे.

सुपारीचा न्याय मात्र विलंबाने झाला. केनियातील पाच हिंदी स्त्रियांची तोंडे आखडल्याचे श्वार्त्झ यांनी 1952 मध्ये नोंदविले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी हाच विकार वर्णिला. अस्तराखाली तंतू दाटून तोंड उघडेनासे होते. डॉ. सत्यवती शिरसाट यांनी खानोलकरांसमवेत यावर संशोधन केले. आरंभी संशय मिरचीवर होता. म्हणून उंदरांच्या टाळूस तिचे तिखट सत्त्वही लावून पाहण्यात आले. खरी आरोपी सुपारी, हे पुढील संशोधनाने ठरले. तंबाखू नसली तरी केवळ सुपारीही कर्करोगजनक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केला. ‘आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ हे समाधान त्या दिवशी संपले.

मग पोफळीची बाग तोडावी काय? ज्यांचा संसार तिच्यावर चालतो त्यांस असे सांगणे सोपे नाही, आणि पूजेतल्या सुपारीने कोणाचे तोंड बिघडत नाही. मान द्यावा, चघळण्याची सवय टाकावी, एवढाच विवेक पुरे. तो व्यर्थ जात नाही. सुमारे 36,000 तंबाखूसेवकांस आपल्या देशात उपदेश करून पाहिले, तेव्हा त्यांच्यात पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटले, हे 1986 मध्ये प्रसिद्ध झाले. तिरुवनंतपुरम येथे तर शिकविलेल्या कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली, आणि व्यसनी लोकांतील या रोगाचे मृत्यू कमी झाले, हे 2005 मध्ये सिद्ध झाले. शरीरातील बहुतेक अवयव आपल्यापासून झाकलेले असतात. तोंड मात्र आरशासमोर उघडता येते. दोन आठवड्यांत भरून यावयाची जखम त्यानंतरही तशीच राहिली, तर वैद्यास दाखवावी. घरातील वडीलधाऱ्यांस विडा देणाऱ्या हातांनीच एकदा दिवा धरून त्यांचे तोंड पाहिले, तर तीही सेवाच होय.