सौरडागांचे चुंबकत्व आणि कुलाब्याची नोंदवही

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांच्या एका मोठ्या समूहावर काही मिनिटेच टिकलेले प्रखर तेज दिसले. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकसूची विलक्षण ढळली. इंग्लंडातील स्वयंलेखी यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात डोळ्यांनी वाचून टिपलेले आकडे मात्र शाबूत राहिले. त्यांवरूनच २००३ साली क्षैतिज चुंबकबलातील घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला ठरविण्यात आली. त्या निरीक्षकांस कारण ठाऊक असणे शक्यच नव्हते. डाग चुंबकीय असतात हे हेल यांनी दाखविले ते १९०८ मध्ये. अंतर्भागातील चुंबकीय रेषांचे पुंजके पृष्ठावर येऊन डागांच्या विरुद्धध्रुवी जोड्या बनतात, रेषा पिळवटतात आणि तुटून पुन्हा जुळताना असे स्फोट होतात, ही संगती तर त्याहूनही अलीकडची.