आजोबांचं मुलकी सर्टिफिकेट

दिवाळीनंतर इथे काही लिहिलं नाही म्हणून दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना? बरी आहे. झालं असं की माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली आणि तिच्यातच अडकलो.

निमित्त आमच्या पुतण्याचं. तो बँकॉकला नोकरीला आहे, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. दर रविवारी त्याचा फोन येतो. मागे एकदा म्हणाला, "काका, आज सुट्टी काढून सरकारी कामाला गेलो होतो. दर 90 दिवसांनी कळवावं लागतं की मी अजून इथंच आहे, याच पत्त्यावर आहे." मी म्हटलं, अरे तुला तिथं जाऊन आठ वर्षं झाली! तर म्हणे आठ झाली काय आणि अठरा झाली काय, कायमचा परवाना मिळेपर्यंत 90 दिवस चुकत नाहीत. आता ते ऑनलाइनही करता येतं, पण ते कधी चालतं, कधी चालत नाही. हा नियम त्यांच्या 1979 च्या कायद्यातला. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतले 49 टक्क्यांपर्यंतच परक्यांना. काही धंदे फक्त थाई माणसांसाठी राखून ठेवलेले. 1979 च्या यादीत असे 39 होते. केस कापणं, छत्र्या करणं, बुद्धमूर्ती घडवणं, सगळं त्यात. कायमच्या वास्तव्याचा परवाना एका देशाच्या लोकांना वर्षाला फक्त 100. हे सगळं तो हसत हसत सांगतो. आणि लगेच पुढे, "पण काका, माणसं फार सौम्य आहेत हो. रस्त्यावर कोणी कोणावर ओरडत नाही. रात्री बाराला बायको एकटी लोकलने येते." सरकारचा नियम बोचतो आणि शेजार आवडतो, असं त्याचं दोन्ही एका वेळी चालू असतं.

त्याच्या कागदांवर साल 2500 च्या पुढचं असतं, बुद्धाच्या सनाप्रमाणे. हे ऐकलं आणि मला एकदम पेटीतला तो कागद आठवला, ज्याच्यावर साल आहे 1349!

हे 1349 म्हणजे फसली सन, आपल्या हिशोबाने 1939-40. आणि कागद म्हणजे माझ्या आजोबांचं मुलकी सर्टिफिकेट आणि त्याला जोडलेलं प्रतिज्ञापत्र. सगळं उर्दूत. वडील घडाघड वाचायचे, मला एक अक्षर येत नाही. (आमच्या वेळेपर्यंत शाळा मराठी झाल्या होत्या, बी.ए.सुद्धा मराठीतून झालं.) शेवटी एका निवृत्त उर्दू शिक्षक मित्राला बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, हे बघा काय लिहून दिलंय तुमच्या आजोबांनी. मी माझ्या पूर्वीच्या गावी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे."

तरुण वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. आपलं जालना 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. (जालना जिल्हा झाला तो 1 मे 1981 ला.) संस्थानचा रुपया वेगळा, हाली शिक्का, इंग्रजांचा रुपया तो कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. टपाल वेगळं, जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणत. आणि माणसांचेही दोन प्रकार, मुलकी आणि गैरमुलकी. मुलकी म्हणजे या मुलखातला. सरकारी नोकरी मुलकीलाच.

ही भानगड सुरू कशी झाली ते मोठं गमतीचं आहे. पहिले सालारजंग 1853 ते 1883 अशी तीस वर्षं दिवाण होते. त्यांना कारभार नव्या पद्धतीने लावायचा होता, म्हणून त्यांनी बाहेरून शिकलेली माणसं आणली, त्यातली बरीच उत्तरेकडची. इटाव्याचे मेहदी अली आले, लखनौहून सय्यद हुसेन बिलग्रामी आले. पुढे 1884 च्या सुमाराला दरबारची फारसी जाऊन उर्दू आली, तेव्हा या मंडळींचं आणखीच फावलं. जुने हैदराबादी चिडले. आमच्या मुलखात आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत आणि हे परके साहेब होऊन बसलेत! म्हणजे बघा, दीडशे वर्षांपूर्वीही उत्तरेकडून माणसं येतच होती. फरक एवढाच की तेव्हा ती खुर्चीवर बसायला येत, आता आमच्या एमआयडीसीत भट्टीपुढे उभी राहायला येतात.

त्या ओरडीतून नियम झाले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात 1919 च्या फर्मानाने ते पक्के झाले. जन्माने संस्थानची प्रजा असलेला मुलकी. ज्याच्या जन्माच्या वेळी बाप सरकारी नोकरीत होता आणि त्या बापाची नोकरी 15 वर्षं भरली होती, तो मुलकी. मुलकीची बायको आपोआप मुलकी. आणि बाहेरून आलेला असेल तर त्याने 15 वर्षं कायम वास्तव्य केलेलं हवं, आणि मॅजिस्ट्रेटपुढे लिहून द्यायला हवं की परत जाण्याचा विचार सोडला.

माझे आजोबा शेवगावकडचे, नगर जिल्ह्यातले, म्हणजे इंग्रजी हद्दीतले. 1924 साली ते जालन्याला एका जिनिंग फॅक्टरीत कारकून म्हणून आले. रेल्वे 1900 च्या सुमारास आली तेव्हापासून इथे कापसाचा धंदा जोरात होता. 'जालना सोने का पालना' ही म्हण लोक अजून सांगतात. आजोबांचं सरकारशी काही काम नव्हतं, खाजगी नोकरी. त्यामुळे गैरमुलकी असल्याचं त्यांना काही वाटत नसे. सरकारबद्दल मात्र ते घरात फार कडू बोलत. सभा घ्यायची तर आधी परवानगी, तो प्रसिद्ध 'गश्ती निशाण 53'. तिकडची वर्तमानपत्रं इकडे यायला अडचण. मराठी पोरांना मराठीत शिकायची सोय नाही. 1918 साली विद्यापीठ काढलं तेही उर्दूचं. आणि एवढं बोलून झाल्यावर म्हणत, "पण जालन्याची माणसं चांगली. ज्वारी स्वस्त. शेजारचा सय्यद आपल्या दुखण्याला रात्रभर बसतो." पुतण्याचा फोन आला की मला हेच आठवतं.

अडलं ते वडिलांचं. वडिलांचा जन्म शेवगावकडचाच, 1921 चा, तीन वर्षांचे असताना इथे आले. उर्दूतून शिकले, परीक्षा पास झाले, मास्तरकी मिळत होती. पण मुलकी सर्टिफिकेट? ते नव्हतं. तेव्हा आजोबांनी पंधरा वर्षांचा हिशोब जमवला आणि तो कागद लिहून दिला. वडिलांना 1941 साली सरकारी शाळेत नोकरी लागली. वडील एरवी फार बोलत नसत, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून मी दोनदा तरी ऐकलंय, "बापाने गाव लिहून दिलं तेव्हा मला नोकरी लागली."

आजीने काही लिहून दिलं नव्हतं. नियमाप्रमाणे तिची गरजच नव्हती. ती म्हणायची, "त्यांनी सोडलाय विचार. मी कुठं सोडलाय?" आणि दर नवरात्रात मोहट्याला देवीला जायची म्हणजे जायचीच. पैठणला गोदावरी ओलांडली की इंग्रजी हद्द. येताना नवं लुगडं आणायचं तर करोडगिरी भरावी लागे, म्हणून ती जुन्यावरच नवं नेसून यायची! नाक्यावरचा शिपाई तिला ओळखायचा. 'बाई दरसाल जाड होऊन येतात' असं म्हणायचा म्हणे.

1948 च्या उन्हाळ्यात रझाकारांची धास्ती वाढली, तेव्हा सरहद्दीजवळची असंख्य कुटुंबं हिंदी संघराज्यात गेली. आमचंही गेलं, शेवगावला. परत जाण्याचा विचार सोडलेले आजोबा बैलगाडीतून परत गेले. तिथे भावबंदांनी जागा दिली, पण दोन महिन्यांत त्यांना 'निजामवाले' असं नाव पडलं. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला आणि ही सगळी मंडळी पुन्हा जालन्याला आली. इकडे गैरमुलकी आणि तिकडे निजामवाले, असं त्यांचं झालं.

मुलकी प्रकरण पुढे काही संपलं नाही. पोलीस ॲक्शननंतर बाहेरून अधिकारी आले, खोटी मुलकी सर्टिफिकिटं निघू लागली म्हणून ओरड झाली, सप्टेंबर 1952 मध्ये हैदराबादला विद्यार्थी रस्त्यावर आले आणि गोळीबारात काही मेले. 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो, आपल्यापुरतं ते थांबलं. तेलंगणात ते 1973 पर्यंत चालू राहिलं आणि त्याच्यावरून मोठी आंदोलनं झाली. आपल्या राज्यघटनेच्या 16 व्या कलमात जन्मस्थानावरून सरकारी नोकरी नाकारायची नाही असं आहे. रहिवासाची अट घालायचीच तर ती संसदेने घालायची, विधानसभेने नाही.

आता माझी गोष्ट, जी सांगायला जरा जड जाते. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात मी होतो. तेवीस वर्षांचा, नुकता मास्तर झालेलो. नोकऱ्या मराठवाड्याच्या मुलांना मिळाल्या पाहिजेत अशा घोषणा मी घसा बसेपर्यंत दिल्या आहेत. ती मागणी खोटी नव्हती, आजही मी तसं म्हणणार नाही. वसमतला गोळीबार झाला त्या रात्री आम्ही जेवलो नाही. पण त्या वेळी वडील ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होते आणि काहीच बोलले नाहीत. ते का बोलले नाहीत, हे पेटी उघडल्यावर कळलं. पन्नास वर्षांनी!

निवृत्तीनंतर मी मुलाकडे आलो. त्याचं रोलिंग मिलचे सुटे भाग करायचं छोटं वर्कशॉप आहे, घर एमआयडीसीच्या बाजूला, चंदनझिऱ्याकडे. आजूबाजूला पत्र्याच्या खोल्या. त्यात बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशाचे कामगार. भंगार वितळवून सळया करायच्या, त्या भट्टीपुढे आमची पोरं फारशी टिकत नाहीत, हे माझा मुलगाच सांगतो. तरी बोलताना तोंडात येतं, 'हे परप्रांतीय.' पुतण्या तिकडे गेला तर तो 'एक्सपॅट', आणि हे इकडे आले तर परप्रांतीय. 1979 सालीच आपल्याकडेही एक कायदा झाला होता, दुसऱ्या राज्यातल्या कामगारांसाठी. ठेकेदाराने त्यांची नोंदणी करायची, जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा. आता तो 2020 च्या श्रमसंहितेत गेला. आमच्या गल्लीत मी विचारून पाहिलं, त्याचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं.

मे 2020 च्या पहिल्या आठवड्यात, लॉकडाऊनमध्ये, संध्याकाळी दोन पोरं फाटकाशी आली. "मास्टरजी, पास का फॉर्म भर दीजिए." मोबाइलवर अर्ज होता. मला कोरोनाची भीती, वय सत्तरीकडे झुकलेलं. मी फाटकाच्या आतूनच म्हटलं, कल आना. सकाळी खोलीला कुलूप. आणि त्यानंतर दोन दिवसांनी, 8 मेला, पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली 16 जण गेले. जालन्यातल्या स्टील कारखान्यातले कामगार, शहडोल आणि उमरियाचे. रुळांवरून चालत निघाले होते, गाड्या बंद आहेत असं समजून थकून रुळांवरच झोपले. पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. रुळांवर पसरलेल्या पोळ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. मी दिवसभर त्या दोन पोरांची नावं आठवत बसलो, आणि मला ती माहीतच नव्हती. ती दोघं त्यांच्यात नव्हती. वीस दिवसांनी घरमालकाला त्यांचा फोन आला, सामान ठेवा म्हणून. पण ते वीस दिवस...

असो. तर आता एक भट्टीवाला येतो आमच्याकडे. बिहारचा, 2008 ला आला, दोन वर्षांनी इथेच मुलगी झाली. ती माझ्याकडे मराठीचं व्याकरण विचारायला येते, समास तिला माझ्या नातवापेक्षा बरे येतात. तिच्या पुढच्या प्रवेशाला अधिवासाचा दाखला लागेल म्हणून बापाचे कागद जमवतोय. पुरावा किती वर्षांचा? पंधरा! निजामाच्या फर्मानातले पंधरा आणि आमच्या तहसीलमधले पंधरा. मी त्याला आजोबांचा कागद दाखवला, अर्थ सांगितला. तो बराच वेळ कागद हातात धरून बसला. मग म्हणाला, "हमसे भी लिखवाएँगे क्या, कि वापस नहीं जाएँगे?" म्हटलं नाही, आता तसं लिहून घेत नाहीत. तर म्हणे, "तो ठीक है. छठ में तो जाना ही पड़ता है."

मुलीचे शाळेचे दाखले मिळाले. आधारवर पत्ता गावचा आहे. रेशनकार्ड गावचं. भाड्याच्या पावत्या एकही नाहीत. इतकी वर्षं एकाच खोलीत राहिला, पण घरमालक लिहून द्यायला तयार नाही, कर लागेल म्हणतो. हा घरमालक माझा जुना विद्यार्थी, सातवी ब. उद्या सकाळी मीच जाणार आहे त्याच्याकडे.

ता. क. : पुतण्याने आजोबांच्या कागदाचा फोटो मागितलाय. नातवाला सांगितलं आहे, तो स्कॅन करून इथे टाकेल. कोणाच्या घरी असं मुलकी सर्टिफिकेट असेल तर जरूर कळवा.