बळदातली बखर

आपल्याकडे बखरी लिहिल्या गेल्या त्या राजेरजवाड्यांच्या. लढाई कोणी मारली, तह कोणी मोडला, हे त्यांत सापडते. पण घरची बाई ताक कशात करी, पाहुण्याला पाय धुवायला पाणी कशातून देई, हे विचारायला जावे तर बखरकार गप्प बसतो. ती हकीकत भांड्याकुंड्यांनी जपलेली आहे. आणि दैवगती अशी, की ऐन दिवाळीच्या झाडलोटीतच ती मोडीच्या भावाने घराबाहेर पडतात.

आमचे वैराग हे बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे गाव. पूर्वी बार्शी तालुका इंग्रजी अमलात होता आणि शेजारचा धाराशिवकडचा मुलूख निजामाच्या राज्यात. त्या मुलखाला आमची जुनी माणसे ‘मोगलाई’ म्हणत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि ती सीमा पुसली गेली; पण जुन्या घरांच्या बळदांत ती अजून शिल्लक आहे. बळद म्हणजे धान्य साठवण्याची घरातली अंधारी जागा. धान्य गेले, तिथे अडगळ आली. त्या अडगळीतल्या एखाद्या डब्यात राणीछाप रुपया आणि चारमिनारचे चित्र असलेला निजामाचा ‘हाली’ रुपया शेजारीशेजारी निघाले, तर त्या घराची देवघेव दोन्ही मुलखांत होती असे खुशाल समजावे.

अशा वस्तू जमवण्याचा नाद मला पुष्कळ वर्षांचा आहे. माझ्या संग्रहात धान्याच्या मापांचा एक संच आहे. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, असा तो हिशेब. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली आणि ही सारी मंडळी हळूहळू बाजारातून उठली. आपल्या बोलण्यात ‘चिपट्यामापट्यांची भर’ तेवढी राहिली. माझ्या नातवंडांना तो संच भातुकलीतला वाटतो!

जुनी वस्तू ओळखावी कशी, असे मला अनेकजण विचारतात. माझे उत्तर असे, की आधी चिंच लावून ती लखलखीत करू नका. तिच्यावर कोरलेले नाव वाचा. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि कधी कधी शकही घातलेला असतो. शके १८३२ असेल तर त्यात ७८ मिळवा. इसवी सन १९१० निघेल. (भांडे जानेवारी ते पाडव्याच्या दरम्यानचे असेल, तर ७९ मिळवावे लागतील.) मग आतून पाहा. पितळेच्या पातेल्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून त्याला कल्हई करीत. तेव्हा आत पांढरट कल्हईचा माग दिसला, तर ते चुलीवर चढलेले भांडे. टिचकी मारून पाहा. चांगले कासे घंटेसारखे घुमत राहते, पितळ लवकर गप्प होते. तांबटाने हाताने घडवलेल्या घागरीवर ठोक्यांच्या खुणा असतात. यंत्राच्या पत्र्यावर त्या नसतात. आणि सर्वांत महत्त्वाची ती झीज. खरी जुनी वस्तू जिथे हात लागे तिथेच गुळगुळीत होते. मुद्दाम जुनी केलेली वस्तू मात्र चोहीकडून सारखीच म्हातारी दिसते.

इतके करूनही काही वस्तू दाद देत नाहीत. एकदा मोडीच्या ढिगातून मी एक पितळी वस्तू उचलली. वर पोपटाची मूठ, खाली खरबरीत तळ. हलवली की आत घुंगरू वाजे. कोणी शिक्का म्हणाले, कोणी झाकण. शेवटी आमच्या थोरल्या काकूंपुढे ठेवली. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. “अरे, ही वज्री! न्हाताना टाचा घासायची. माझ्या आजेसासूबाईंची होती अशी.” एका शब्दासरशी ते पितळ बोलू लागले. काकू आज नाहीत. त्या वर्षी विचारायचे राहिले असते, तर ती वज्री माझ्यापाशी असूनही कायमची मुकी राहिली असती.

हे मुकेपण पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी फार लवकर ओळखले. चष्म्याच्या दुकानाचा व्यवसाय करणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या जमवू लागले. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. वीस हजारांवर वस्तूंचा तो संसार आहे, आणि त्यात स्वयंपाकघराचा मान दरबाराहून कमी नाही.

इतक्या लांब जायला नको. आमच्या शेजारीच, धाराशिव जिल्ह्यात, तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ज्या तगर नगराचे कापड भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे, ते हेच. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघालेल्या मृण्मूर्ती, मणी, नाणी वर्षानुवर्षे वेचून ठेवली, आणि आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेथे आहे. त्यांतली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेई शहराच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची बहीण शोभते. इतरांना जी माती वाटली, तिच्यात एका माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीचे घर दिसले!

आपल्या प्रत्येकाच्या घरी संग्रहालय होणार नाही, व्हायलाही नको. पण यंदा चकलीचा सोऱ्या आणि करंजीचे कातणे खाली काढाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवा. वस्तूचे नाव काय, ती कोणी आणली, कोणत्या गावाहून आली, कशासाठी वापरीत, हे एवढे मुलांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी दोऱ्याने त्या वस्तूला बांधा. मग वाटले तर मोडीत घाला. पण चिठ्ठी वाचल्यावर तुमचा हात धजेल असे मला वाटत नाही.